अनुभव धागा: घरी केलेला वंशवृक्ष

मागच्या आठवड्यात माळा आवरताना पितळेचे एक घंगाळ हाती लागले. चिंच लावून घासल्यावर काठावर छिन्नीने ठोकलेली अक्षरे स्पष्ट झाली. लग्नाचे वर्ष १९३८ होते आणि त्याच्या आधी माझ्या पणजीचे माहेरचे पूर्ण नाव होते, जे मी तोवर कधी ऐकलेही नव्हते.

१९९४ च्या मे महिन्यात वडिलांनी आणि थोरल्या काकांनी ओसरीवर ड्रॉइंगशीट पसरून आमची वंशावळ काढली होती आणि मी फूटपट्टी धरायला बसले होते. त्या कागदावर सात पिढ्यांचे पुरुष होते, स्त्री एकही नव्हती. आजी दोन हातांवर तांदूळ निवडत बसली होती, पण तिला कोणी काही विचारले नाही, आणि मलाही विचारावेसे वाटले नाही, याचे आज फार वाईट वाटते.

आता नवा वंशवृक्ष काढायला घेतला आहे. एका चौकटीत नवराबायको दोघे, बायकोचे माहेरचे नाव आधी, आणि लेकींच्या फांद्या मुलांच्या फांद्यांइतक्याच लांब, असे ठरवले आहे. त्यामुळे शेवटच्या पिढीत ४१ जण झाले. प्रत्येकाला तीन सेंटिमीटर धरले तरी १२३ सेंटिमीटर रुंदी लागते, आणि ए-१ कागदाची लांब बाजू ८४.१ सेंटिमीटरच असते. म्हणून दोन कार्डशीट मागून चिकटपट्टीने जोडले आहेत. ज्यांनी घरी असे काही केले आहे, त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा.

रानजाई
आमच्याकडे खरी अडचण हाकेच्या नावांची झाली. तीन पिढ्यांत तीन तात्या, दोन अक्का आणि एक मोठी माई होती. त्यांची पाळण्यातली नावे घरातल्या कोणालाच सांगता येईनात. शेवटी जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून पाच नावे मिळाली. निमंत्रकांच्या यादीत पूर्ण नावे छापलेली असतात, हे तोवर आमच्या लक्षातच आले नव्हते. चौकटीत आम्ही हाकेचे नाव मोठ्या अक्षरांत आणि खरे नाव त्याखाली लिहिले, कारण माणसे त्याच नावाने आठवतात.

गोदाकाठ
त्र्यंबकेश्वरला गेल्यावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारले आणि लांबट वही उघडून समोर ठेवली. आमच्या खापरपणजोबांनी आपल्या हाताने मोडीत नोंद केली होती आणि बरोबर आलेल्या माणसांची नावेही दिली होती. मोडी वाचता येत नसल्याने उपाध्यायांनी एकेक नाव वाचून दाखवले आणि ते मी उतरवून घेतले. त्यानंतर त्याच वहीत माझ्या मुलांची नावे मी लिहिली, तेव्हा माझा हात थरथरत होता.

सांजवात
ताई, आपण पणजींविषयी लिहिलेत म्हणून सांगते. महालयाच्या वेळी आमचे गुरुजी वडील, आजोबा आणि पणजोबा यांचा वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत उच्चार करतात, तसाच आई, आजी आणि पणजी यांचाही करतात, आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही घेतात. त्यांच्याजवळच्या कागदावर आमच्या घरातल्या सहा स्त्रियांची नावे होती, मात्र सगळी सासरची. माहेरची नावे भांड्यांवरच शोधावी लागतात, हे आपल्या घंगाळाच्या अनुभवावरून मला अगदी पटले.

मांडवीकिनारा
गोव्यात आम्हांला पोर्तुगीज काळातील जन्मनोंदींचा फार उपयोग झाला. त्यांत बाळाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावे असतात, त्यामुळे एका दाखल्यावरून सहा माणसे चित्रात बसली. नावांचे रोमन स्पेलिंग मात्र दर नोंदीत निराळे होते; देवनागरीत काय लिहावे, हे ठरवण्यासाठी मोठ्या आत्याला दोन संध्याकाळी बसवून घ्यावे लागले.

चाफा
संगणकावर करणाऱ्यांसाठी एक सूचना. मी वर्डची फाइल तशीच छपाईच्या दुकानात नेली. तिथल्या संगणकावर माझा फाँट नव्हता, त्यामुळे सगळी जोडाक्षरे फुटली आणि आजोबांच्या नावातला 'कृ' सुटा होऊन छापला गेला. घाईत मी तपासलेही नाही, आणि फ्रेम भिंतीवर लागल्यावर आईने ते दाखवले. फाँटसह पीडीएफ करूनच न्यावी आणि अक्षर बारीक ठेवू नये, नाहीतर अनुस्वार आणि रफार दुरून दिसत नाहीत.

निळीशाई
माझ्या आजोबांना चुलत घराण्यात दत्तक दिले होते. दत्तक घराण्याच्या कुलवृत्तान्तात त्यांच्या जन्मदात्या आईचे नाव नाही आणि जन्मघराच्या वंशावळीत ते स्वतः नाहीत. आम्ही त्यांना दोन्ही फांद्यांवर लिहिले आणि मध्ये तुटक रेघ ओढली. ती रेघ ओढली त्या दिवशी माझे ७८ वर्षांचे वडील बराच वेळ त्या कागदासमोर उभे होते.

रानजाई
निळीशाई, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

ओसरी
हे वाचता वाचता आईला फोन लावला. तिच्या आजीचे माहेर वाईचे, एवढे कळले. नाव मावशीला विचारून उद्या लिहिते.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. सांजवात, आज घरातली उरलेली भांडीही खाली काढली. एका तांब्यावर आजीच्या धाकट्या बहिणीचे नाव सापडले. ती लग्नाआधीच गेली, एवढेच आम्हांला माहीत होते. आता तिच्यासाठी आजीच्या शेजारी पेन्सिलीने चौकट आखली आहे. काकांचे डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, त्यामुळे शाई ते पुढच्या रविवारी भरतील. अक्षर त्यांचेच हवे आहे.