प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळते, म्हणून वडिलांनी पाणी पिणेच कमी केले आहे

प्रश्न (जुळे सोलापूर)

माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. प्रोस्टेटचा कर्करोग लवकर लक्षात आल्यामुळे पुण्यात त्यांची पूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तपासणीचा अहवाल चांगला आला, नंतरचा पीएसएही (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) जवळजवळ शून्यावर आहे आणि त्या बाजूने डॉक्टर समाधानी आहेत. लघवीसाठी घातलेली नळी काढून आता सुमारे तीन महिने होत आले, पण तेव्हापासून लघवीवर ताबा राहिलेला नाही. रात्री झोपेत त्रास होत नाही, सकाळीही बरे असते. मात्र दुपारनंतर खुर्चीवरून उठताना, खोकताना, जिना उतरताना गळती होते आणि संध्याकाळपर्यंत दोन-तीन पॅड बदलावी लागतात.

अण्णा निवृत्त शिक्षक आहेत. पहाटे सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणे आणि येताना तलावाकाठी ओळखीच्या मंडळींशी चार शब्द बोलणे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. तो आता सुटला आहे. आपल्या कपड्यांना वास येत असेल, या शंकेने ते घरच्या माणसांजवळही बसत नाहीत. वास्तविक आम्हाला तसे काहीच जाणवत नाही. लग्नकार्यांची आमंत्रणे येतात, ती ते माझ्या हाती देऊन मोकळे होतात.

मला अधिक काळजी वाटते ती त्यांच्या पाणी पिण्याची. सध्या पारा चाळिशीच्या वर आहे आणि ते दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले पाणी पितात. लघवी गडद पिवळी होते, अलीकडे जळजळही होते आणि पोट साफ होत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना व्यायामाचा एक छापील कागद दिला होता, पण तो समजावून कोणी सांगितला नाही. ‘लघवी रोखल्यासारखे करा’ एवढे वाचून ते दरवेळी लघवी करतानाच मध्ये थांबवतात आणि पुन्हा सोडतात. हे बरोबर आहे का? त्यांना पाणी प्यायला कसे लावावे? आणि ही गळती आपोआप थांबेल, की आणखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागेल? ज्यांना अनुभव आहे किंवा ज्यांचा हा विषय आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, होटगी रोड)

तुम्ही दिलेल्या वर्णनात एक गोष्ट आशादायक आहे: वडील रात्री आणि सकाळी कोरडे राहतात. पुरुषाच्या मूत्रमार्गावर दोन ठिकाणी ताबा असतो. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, जो आपोआप चालतो, आणि दुसरा प्रोस्टेटच्या खाली, जो आपल्या इच्छेने आवळता येतो. ग्रंथी पूर्ण काढताना वरचा ताबा बराचसा जातो, त्यामुळे सगळा भार खालच्या स्नायूवर आणि त्याला आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येऊन पडतो. रात्रभर विश्रांती मिळालेला स्नायू सकाळी काम नीट करतो; दुपारनंतर तो थकतो. म्हणून संध्याकाळची गळती हे आजार बळावल्याचे लक्षण समजू नये. बहुतेक रुग्णांमध्ये पहिल्या तीन ते सहा महिन्यांत चांगली सुधारणा होते आणि पुढे वर्षभरापर्यंत ती हळूहळू होत राहते.

लघवी करताना मध्येच थांबवण्याचा सराव मात्र आजपासून बंद करावा. कोणता स्नायू आवळायचा हे ओळखण्यासाठी एखाद्या वेळी तसे करून पाहणे ठीक आहे, पण रोज तसे केल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते आणि शिल्लक राहिलेल्या लघवीत जंतूंची वाढ होते.

योग्य पद्धत अशी. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि पावले गादीवर टेकवावीत. वायू सरकू नये म्हणून आपण गुदद्वार जसे आत ओढून धरतो, तसेच पुढच्या बाजूनेही आवळून आत ओढावे. बरोबर जमले की शिश्न मुळाशी किंचित आत खेचले जाते आणि अंडकोष थोडे वर उचलले जातात. आरसा धरून हे डोळ्यांनी पाहता येते. पोट, मांड्या आणि नितंब सैलच राहिले पाहिजेत. श्वास रोखला जाऊ नये म्हणून मी रुग्णांना मोठ्याने आकडे मोजायला सांगते, कारण मोजताना श्वास कोंडून ठेवता येत नाही. सुरुवातीला तीन ते पाच आकडे धरावे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे आणि हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावे. अशा दहा आवर्तनांचा एक संच, दिवसातून तीन वेळा. सैल सोडणे हेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, ते घाईत उरकू नये. उत्साहाच्या भरात शंभर-दीडशे वेळा करणारे रुग्ण मी पाहते. त्यांचा स्नायू दमतो आणि गळती उलट वाढते.

यापुढची पायरी कागदावर सहसा लिहिलेली नसते. व्यायाम गादीवर करून भागत नाही, तो गळती होते त्या क्षणी वापरावा लागतो. खुर्चीवरून उठताना अण्णांनी आधी कडेला सरकावे, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, स्नायू आवळावा आणि मग श्वास सोडत उठावे. खोकला किंवा शिंक येतेय असे वाटताच आधी आवळावे, मग खोकावे. हे अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, पण बहुतेकांना खरा फरक इथेच जाणवतो. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. खाजगीत जमत नसेल तर सिव्हिलमध्ये चौकशी करावी. बरेच जण नकळत पोटच दाबत असतात, आणि त्याने लघवी आणखी खाली ढकलली जाते.

उत्तर २ (विजापूर रोड, स्वतः रुग्ण)

माझी हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून तुमच्या वडिलांच्या मनात काय चालले असेल ते मला कळते. पाण्याबद्दल आधी लिहितो. पाणी कमी केले की गळती कमी होईल हा हिशेब वरवर पटतो, परंतु लघवी दाट झाली की ती मूत्राशयाला झोंबते आणि घाईची भावना वाढते. शिवाय पाण्याअभावी मलावरोध होतो, कुंथावे लागते आणि ज्या स्नायूला बळ द्यायचे त्याच्यावरच ताण येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर अशाने उष्माघाताचीही भीती असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर साधारण दीड ते दोन लिटर, आणि उन्हात फिरणे झाले तर त्याहून अधिक, असे मला सांगण्यात आले होते. एकदम तांब्याभर पाणी न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि झोपण्याआधी दोन तास हात आखडता घ्यावा. लघवीचा रंग फिकट पिवळा दिसला की पाणी पुरेसे आहे असे समजावे. कमी करायचेच असेल तर चहा कमी करावा. मी दुपारचा चहा सोडून ताक सुरू केले आणि घाईने उठणे कमी झाले.

जळजळ होते असे तुम्ही लिहिले आहे. त्याची लघवीची तपासणी लगेच करून घ्या, ती पाणी वाढवून बघण्यावर सोडू नका.

पॅडबद्दल दुकानदार फारसे सांगत नाही. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला जाड असलेले, चिकटपट्टीचे छोटे पॅड मिळते. थोड्या गळतीला तेवढे पुरते, पूर्ण डायपरची गरज नसते. मात्र ते घट्ट बसणाऱ्या चड्डीतच काम करते. आपल्या पिढीची सवय सैल, पट्ट्यापट्ट्यांच्या हाफ चड्डीची; त्यात पॅड सरकते आणि मग पॅड कुचकामी आहे असे वाटते. शिश्नाचे टोक खाली, पॅडच्या जाड भागाकडे राहील असे पाहावे. बदलताना साध्या पाण्याने धुऊन, टिपून, पूर्ण कोरडे करावे आणि जांघेत लाली दिसली तर झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. वास येतो तो बराच वेळ भिजलेले पॅड तसेच ठेवल्यामुळे. वेळेवर बदलले तर शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

सुधारणा होते आहे की नाही, हे मनावर न सोडता वजनावर पाहावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर कोरडे पॅड तोलून ठेवावे, वापरलेली पॅड पिशवीत बांधून तोलावीत आणि फरक लिहावा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. रोज करू नये, आठवड्यातून एक दिवस पुरे. पॅडची संख्या तीच असली तरी वजन उतरत असते, आणि शिक्षक असलेल्या माणसाला वहीत उतरणारा आकडा दिसला की धीर येतो.

देवदर्शनाबद्दल एवढेच सांगेन की त्यांचा सकाळचा वेळ कोरडा जातो हे तुम्हीच लिहिले आहे. मग पहाटेचे दर्शन हीच घराबाहेर पडण्याची सर्वांत सुरक्षित वेळ आहे. निघण्यापूर्वी नवे पॅड लावावे, कापडी पिशवीत एक जादा पॅड, एक चड्डी आणि बंद होणारी प्लास्टिकची पिशवी ठेवावी. पहिले काही दिवस तुम्ही सोबत जा, पण सोबत का आलात ते चारचौघांत बोलू नका.

उत्तर ३ (अशोक चौक)

माझ्या सासऱ्यांची सेवा केली त्या अनुभवावरून दोन गोष्टी लिहिते. गादीवर रबरी शीट, त्यावर जुनी सोलापुरी चादर चौघडी करून आणि वर साधी चादर अशी घडी ठेवली, तर कधी ओले झालेच तर रात्री पूर्ण गादी उचलावी लागत नाही. वापरलेली पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, खूण करून, घंटागाडीत वेगळी द्यावीत. संडासात टाकली तर नळ तुंबतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात बहुधा कचऱ्याचा डबा नसतो, म्हणून बाहेर जाताना पिशवी लागतेच.

आमच्याकडे सासऱ्यांना सर्वांत जास्त लाज सुनेची वाटत असे. त्यांची पॅड आणि कपडे न्हाणीघरातल्या एका बंद डब्यात ते स्वतः ठेवत, तो डबा त्यांचा मुलगा रिकामा करी आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. एवढ्याने ते पुन्हा ओसरीवर येऊन बसू लागले. दादा, तुमच्या घरीही हे काम तुम्ही स्वतःकडे घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, कल्चरनुसार (कोणते जंतू आहेत ते पाहण्याची तपासणी) औषध सुरू आहे आणि जळजळ थांबली आहे. सोनोग्राफीत लघवी शिल्लक राहत नाही असे आले. आरसा धरून व्यायाम करायला अण्णा आधी तयार नव्हते. दार लावून घेऊन करून पाहिला, तेव्हा आपण इतके दिवस पोटच आवळत होतो हे त्यांना उमगले. आता दोन शंका उरल्या आहेत. बाहेर जाताना लावायचा चिमटा मिळतो असे एकाने सांगितले, तो लावावा का? आणि शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करावा?

उत्तर ४ (निवृत्त परिचारिका, युरॉलॉजी विभाग)

चिमटा म्हणजे शिश्नावर बाहेरून लावायचा क्लॅम्प. तो मिळतो आणि समारंभापुरता काही जणांना उपयोगी पडतो, परंतु डॉक्टरांनी माप पाहून लावायला शिकवल्याशिवाय वापरू नये. दर दोन तासांनी सोडून लघवी करून यावे, झोपताना कधीही लावू नये आणि त्वचा निळसर किंवा बधिर झाली तर तत्काळ काढावा. ज्यांना विसरायला होते किंवा ज्यांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांच्यासाठी तो नाही. लांबच्या प्रवासात बाहेरून चढवायचा कंडोम कॅथेटर आणि मांडीला बांधायची पिशवी हा त्याहून सुरक्षित पर्याय आहे, पण तोही रोजची सवय होऊ देऊ नये.

शस्त्रक्रियेची घाई तिसऱ्या महिन्यात कोणीही चांगला युरॉलॉजिस्ट करणार नाही. व्यायाम नीट करूनही सहा महिन्यांनंतर गळती जोरात असेल आणि काहीच उतार नसेल तर चर्चा सुरू होते. बहुतेकांच्या बाबतीत वर्षभर वाट पाहतात. सौम्य ते मध्यम गळतीला मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी, म्हणजे स्लिंग, बसवतात. गळती फार असेल किंवा किरणोपचार झालेले असतील तर कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारे उपकरण, अधिक भरवशाचा ठरतो. त्यात मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेली एक पट्टी असते आणि अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप असतो. पंप दाबला की पट्टी सैल होते, लघवी होते आणि काही मिनिटांत पट्टी आपोआप पुन्हा भरते. जखम भरावी म्हणून तो साधारण सहा आठवड्यांनी सुरू करतात. तो खर्चिक आहे, काही वर्षांनी दुरुस्ती लागू शकते, आणि ज्याला तो बसवला आहे त्याने पुढे कोणत्याही रुग्णालयात नळी घालण्यापूर्वी हे सांगितलेच पाहिजे, कारण पट्टी न उघडता नळी घातली तर मूत्रमार्गाला इजा होते.

औषधांच्या दुकानातून लघवीची गोळी परस्पर आणू नका. सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारखी औषधे अचानक, न आवरणाऱ्या घाईवर असतात. उठताना-खोकताना होणाऱ्या गळतीवर ती चालत नाहीत, आणि सोलिफेनासिनने तोंड कोरडे पडून मलावरोध वाढू शकतो, जो तुमच्या वडिलांना आधीच आहे.

पुढच्या तपासणीला जाताना तीन दिवसांची नोंद घेऊन जा: किती पाणी प्याले, किती वेळा व किती लघवी झाली, गळती कोणत्या हालचालीने झाली आणि पॅडचे वजन किती भरले. मधल्या काळात लघवीची धार बारीक होऊ लागली, जोर करावा लागला किंवा सतत थेंब थेंब गळू लागले तर मूत्राशयाच्या तोंडाशी आकुंचन आले आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी तारखेची वाट पाहू नका. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.