रॉकेट उडतानाचा आवाज: गडगडाट, कडकडाट की तिसरंच काही?

मुठाकाठ:
सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी चंद्रयान-३च्या उड्डाणावर लेख लिहिते आहे. १४ जुलै २०२३ला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी मी श्रीहरिकोटाच्या प्रेक्षक गॅलरीत होते. ‘झाडांच्या वर उजेड चढला, आणि मग कडकडाट येऊन पोचला’ असं वाक्य लिहिलं. अंकाचं काम बघणाऱ्या काकांनी ते खोडून ‘गडगडाट’ केलं. त्यांचं म्हणणं, कडकडाट विजेचा असतो आणि रॉकेट गडगडतं. गडगडाट होताच, पण तो खालचा थर होता, पायांतून वर येणारा. त्याच्या वरती आणखी एक आवाज होता, टोकदार, सारखा फुटत राहणारा. लोक ओरडत होते, तरी तो वेगळा ऐकू येत होता. त्या वरच्या आवाजाला मराठीत काय म्हणायचं?

पर्वतीपायथा:
‘गर्जना’ लिहा. भारदस्त आहे आणि सर्वांना कळतो.

मुठाकाठ:
गर्जनेला गळा लागतो हो. सिंह गर्जतो, समुद्रही गर्जतो म्हणू, पण फुटणं त्यात कुठे येतं?

ध्वनिलहरी:
ताई, तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. नळकांड्यातून वायू ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडतात. तिथे निघणाऱ्या ध्वनिलहरी इतक्या जोरकस असतात की लहरीचा दाबाचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो. लहर पुढून उभी होत जाते आणि कानावर दाब एकदम आदळतो. असे लहान लहान धक्के एकामागून एक येतात, तेच ते फुटणं. इंग्रजीत याला ‘क्रॅकल’ म्हणतात. टीव्हीवर पाहिलेल्यांना हे पटणार नाही, कारण मायक्रोफोन मोठा आवाज दाबून टाकतो आणि फोनच्या स्पीकरला खालचा थर वाजवताच येत नाही. म्हणजे दोन्ही टोकं गेली. उरते ती नुसती खरखर.

ताशेवाला:
मग उत्तर पुण्यातच आहे! ढोलाचा ठोका छातीत बसतो आणि ताशाची तर्री त्याच्यावर तडतडत राहते. लक्ष्मी रस्त्यावर पथकाच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाला दोन थर समजावून सांगावे लागत नाहीत. ‘तर्री’ लिहा.

पर्वतीपायथा:
तर्री म्हटलं की निम्मे वाचक मिसळीच्या रश्श्याकडे जातील. शिवाय तर्री माणूस वाजवतो, तिला ताल असतो. ‘तडतड’ पुरे.

ताशेवाला:
तडतड फोडणीतल्या मोहरीची असते. ६४० टनांच्या रॉकेटला मोहरीचा शब्द लावणार?

इंदापूरकर:
एक सांगायचं राहतंय. चंद्रयान-३ नेणारं रॉकेट, एलव्हीएम-३, जमिनीवरून सुटतं तेव्हा फक्त बाजूचे दोन एस-२०० बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी जोड-रॉकेटं, पेटलेले असतात, प्रत्येकात २०० टनांहून अधिक घन इंधन. मधली द्रव इंधनाची इंजिनं पुढे पावणेदोन मिनिटांनंतर वरती पेटतात. त्यामुळे ताईंनी सुरुवातीला ऐकलं ते सगळं त्या दोघांचं. आणि या बूस्टरच्या पोलादी खोळी आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यातही बनतात. साखरेच्या गावचं पोलाद तिथे गरजतं, याचा मला फार अभिमान आहे. बघा, मीही ‘गरजतं’च लिहिलं. ‘गर्जना’ जड वाटते, ‘गरजणं’ वाटत नाही.

जुनीपोथी:
सगळे बिनदिक्कत ‘रॉकेट’ लिहिताहेत याचं वाईट वाटतं. ‘अग्निबाण’ हा सुंदर शब्द आपण हाताने सोडून दिला. रॉकेट मूळचं इटालियन, अर्थ सुताची छोटी रिळं. आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत ‘बाण’ म्हणजे दारू भरलेला बाणच. म्हैसूरचे लोखंडी नळीचे बाण १७९९ला श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागले, त्यावरून विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने आपले बनवले. वस्तू इथून तिकडे गेली आणि नाव तिकडून इकडे यावं?

ध्वनिलहरी:
रॉकेट आता मराठीच आहे. रॉकेटला, रॉकेटचा, सगळ्या विभक्ती बिनतक्रार लागतात. शाळेतल्या मुलाला अग्निबाण सांगितला तर तो मालिकेतल्या युद्धात शोधेल.

जुनीपोथी:
दिवाळीत तोच मुलगा ‘बाण सोडू या’ म्हणतो ना? आणि क्रियापद बघा, ‘सोडणे’. बाण ताणलेला असतो, तो सोडायचा. ‘प्रक्षेपित करण्यात आले’ या चार मैल लांब रचनेपेक्षा ‘यान सोडलं’ किती नेमकं आहे.

पर्वतीपायथा:
‘सोडलं’ मान्य. माझा राग वर्तमानपत्रांतल्या ‘झेपावले’वर आहे. प्रत्येक यान झेपावतं! झेप म्हणजे एका क्षणाचं काम. अमेरिकेच्या चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ रॉकेटला शेजारचा मनोरा ओलांडायला दहा सेकंदांच्या आसपास लागत. जुन्या चित्रफिती बघा, ते जड अंगाने, जागा करत वर जातं. मला तर त्या संथपणाचाच थरार वाटतो.

मुठाकाठ:
एलव्हीएम-३ मात्र खरंच झेपावतं. घन इंधन पेटलं की ते थांबत नाही. आणि आवाज किलोमीटरला तीन सेकंद घेत येतो, म्हणून आधी सगळं मुक्याने वर जाताना दिसतं. मग तो येतो आणि शर्ट अंगावर हलतो. थराराचं म्हणाल तर मला तेव्हा भीती वाटली होती आणि आनंदही, दोन्ही एकदम.

ध्वनिलहरी:
सॅटर्न-५चं पहिलं उड्डाण ९ नोव्हेंबर १९६७चं. काही किलोमीटरवर बसलेल्या अमेरिकन टीव्हीच्या वॉल्टर क्रॉंकाइट यांना बातमी सांगता सांगता हलणारी खिडकीची काच हाताने धरून ठेवावी लागली. तिथे शब्द ‘हादरा’. आवाजाचा शब्द नाही, पण ऐकणं आणि हलणं तिथे वेगळं राहतच नाही.

ताशेवाला:
मग ‘दणाणणे’ घ्या. त्यात दोन्ही आहे.

पर्वतीपायथा:
दणाणण्यात टोक नाही, आणि ताईंना टोकच हवंय. ‘कडकडाट’ परत आणा, काकांना मी समजावतो. वीज जवळ पडली की गडगडत नाही, कडाडते. अंतराचाच फरक आहे.

जुनीपोथी:
‘कडाडणे’ उत्तम. पण मग कर्ता कोण? ‘बाण कडाडला’ की ‘रॉकेट कडाडलं’? रॉकेट नपुंसकलिंगी कोणी ठरवलं?

इंदापूरकर:
माझे वडील दिवाळीतल्यालाही आणि इस्रोच्यालाही ‘तो रॉकेट’ म्हणायचे. बाणाचं लिंगच तिकडे गेलं असणार.

जुनीपोथी:
हा मुद्दा फार मोलाचा आहे. आणखी कोणाच्या घरी ‘तो रॉकेट’ म्हणतात? गावासकट लिहा.