मदत हवी आहे : टॅकल चुकला की डोकं चालवलं?

मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल कळणारं कोणी आहे का? मिनियापोलिसला येऊन चार वर्षं झाली, खेळ आत्ता कुठे समजायला लागलाय. ऑफिसात डबा उघडला की एकच जुना वाद सुरू होतो.

14 जानेवारी 2018, आमच्या मिनियापोलिसचे वायकिंग्ज विरुद्ध सेंट्स, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. सेंट्स 24-23 ने पुढे, 10 सेकंद उरलेले, वायकिंग्जकडे टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) नाही. वायकिंग्जच्या स्टेफॉन डिग्जने साइडलाइनजवळ उंच उडी मारून चेंडू घेतला. सेंट्सचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा गडी, मार्कस विल्यम्स. तो मान खाली घालून पायाशी झेपावला, हाती काहीच लागलं नाही, वर स्वतःच्याच सोबत्याला आडवं केलं! डिग्ज मोकळा पळाला. 61 यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार, आणि वायकिंग्ज 29-24 ने जिंकले.

एक जण म्हणतो, या विल्यम्सला टॅकल, म्हणजे धरून पाडणं, येतच नाही. दुसरा म्हणतो, चेंडू हातात पडायच्या आधी धक्का लागला असता तर पेनल्टी होऊन वायकिंग्जना फील्ड गोलची (लाथेने चेंडू खांबांमधून मारून गुण घ्यायची) संधी मिळाली असती, म्हणून तो बिचकला. त्याच सामन्यात त्याने एक इंटरसेप्शनही घेतलं होतं, म्हणजे वायकिंग्जचा पास मध्येच झेलला होता, हे मात्र कोणाला आठवत नाही.

मी कबड्डीवाला. नजर चढाईवाल्याच्या कमरेवर ठेवायची, एवढंच मला ठाऊक. सेफ्टीचा टॅकल पाहताना नेमकं काय बघायचं: धावण्याचा कोन, पाय की डोकं? आणि एका चुकीवरून गडी कच्चा ठरवायचा का? जाणकारांनी सांगा, सोमवारी पुन्हा डबा उघडायचाय.