बेंजामिन बटलर: जनरल सुमार, वकील बेरकी. गुलामांच्या सुटकेचं श्रेय त्याला किती द्यायचं? (कोर्टकचेरी, तळटीप आणि घाटमाथा या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांचा वाद)

कोर्टकचेरी:
अमेरिकी यादवीचा विषय निघाला की उत्तरेच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या बाजूचा जनरल बटलर याची फोर्ट फिशर किल्ल्यावरच्या फसलेल्या हल्ल्यातली फजिती हमखास उगाळली जाते. उगाळा. रणांगणावर तो सुमारच होता. पण मे १८६१मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मनरो किल्ल्यावर त्याने जे केलं, ते वकिलालाच सुचावं.

फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून किल्ल्यावर आले. अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने बंडखोरांचा मेजर केरी पांढरं निशाण घेऊन हजर. पळालेले गुलाम परत देण्याचा कायदा आहे, द्या आमचे! बटलर म्हणाला, तुमचं राज्य स्वतःला परका देश म्हणवतं ना? मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? यांना तुम्ही युद्धाच्या कामाला लावलंत, म्हणजे शत्रूचा माल, जप्त! मालकाने अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि घेऊन जावं.

ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, याच धर्तीवर जप्तीचा कायदा केला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा अजून वर्षभराहून लांब होती.

तळटीप:
शपथेचं वाक्य घाईत उरकलंत. शपथ घेतली असती तर तिघांना परत धाडणार होता! याच गृहस्थाने १८६०च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्सटनच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जेफरसन डेव्हिसला, म्हणजे पुढे बंडखोरांचा अध्यक्ष झाला त्याला, ५७ वेळा मत दिलं. एप्रिल १८६१मध्ये मेरीलँडच्या गव्हर्नरला गुलामांचं बंड मोडायला सैन्य देऊ केलं. जीव धोक्यात घालून होडी वल्हवली त्या तिघांनी. श्रेय त्यांचं.

घाटमाथा:
आणि बटलरच्या ताब्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर? सैनिकांचा अपमान करणाऱ्या बाईला वेश्येसारखं वागवा, असा मे १८६२चा लेखी हुकूम. अमेरिकेचा झेंडा उतरवला म्हणून मम्फर्ड नावाच्या माणसाला फाशी. वर बटलरचा भाऊ व्यापारात गब्बर झाला तो वेगळाच.

कोर्टकचेरी:
भावाबद्दल बोलायला तोंड नाही, मान्य. पण त्याच शहरात १८५३मध्ये पीतज्वराने आठेक हजार माणसं गेली होती. बटलरने गटारं उपसून घेतली, विलगीकरण कडक केलं, आणि त्या उन्हाळ्यात साथ आली नाही. मम्फर्डच्या विधवेला पुढे वॉशिंग्टनमध्ये नोकरी त्यानेच मिळवून दिली.

५७ मतांचं म्हणाल, तर माणूस बदलला. १८६४मध्ये न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत काळ्या सैनिकांच्या पलटणी लढल्या, त्यांच्यासाठी त्याने खास पदक पाडून घेतलं. काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेविरुद्धच्या १८७१च्या कायद्यामागेही तो होता.

तळटीप:
बदलला की वारं बदललं? १८८४मध्ये ग्रीनबॅक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. तोवर डेमोक्रॅट, रिपब्लिकन, पुन्हा डेमोक्रॅट, सगळं करून झालं होतं. तरी क्लॅनच्या कायद्याचं श्रेय देतो. फोर्ट मनरोचं नाही.