मदत हवी आहे : शाळेत असताना नळीने लघवी काढण्याबद्दल

नमस्कार. आम्ही तासगावजवळचे. माझी मुलगी ७ वर्षांची आहे. तिला जन्मतः स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा पोटात असतानाच नीट जुळलेला नाही. पाठीचं ऑपरेशन झालं, पण लघवीच्या पिशवीच्या नसा नीट काम करत नाहीत. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, आतला दाब वाढला तर किडनी खराब होते, म्हणून दर ३-४ तासांनी नळी घालून लघवी काढायची. पिशवी सैल राहावी म्हणून ऑक्सिब्युटिनिन हे औषधही चालू आहे. त्याने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की गळती वाढते.

घरी सगळं जमतं. शाळेत मधल्या सुट्टीत मी जाते. बाथरूमला कडी नाही, पाठीने दार दाबून धरते आणि नळी घालते. मैत्रिणींना कळू नये म्हणून पोर हल्ली पाणीच पीत नाही. गेल्या महिन्यात इन्फेक्शन होऊन थंडी वाजून ताप आला. फार जीव तुटतो हो.

तुमच्या मुलींनी स्वतः नळी घालायला कितव्या वर्षी शिकलं? आरसा धरून की हातानेच चाचपून? शाळेतल्या बाईंना तुम्ही नेमकं काय सांगितलंत? आणि लेटेक्स (रबर) नसलेली ८ नंबरची नळी सांगली-मिरजेत नेहमी कुठे मिळते?