जुन्या लाँचच्या डिझेल टाकीत पाणी आणि काळी लाळ: औषध टाकून भागेल की टाकी उघडायची?

खाडीकाठ_जयगड

नमस्कार मंडळी. आमची लाकडी लाँच बाबांच्या काळातली आहे, इंजिन सहा सिलिंडरचं लेलँड. मे अखेरीस वारा वाढला तेव्हा खाडीच्या तोंडाशी इंजिन हंटिंग करायला लागलं, म्हणजे रेस आपोआप कमीजास्त व्हायला लागली, आणि बंद पडलं. फिल्टर बदलला, एअर काढली, जरा वेळ चाललं की पुन्हा तेच. खाडीत शांत पाण्यात मात्र काहीच त्रास नाही.

फिल्टरचा बाउल सोडला तर खाली पाणी आणि त्याच्यावर काळी लाळ, बोटाला चिकटणारी, वास आंबूस. टाकी लोखंडी, ४०० लिटरची, डेकखाली. मॅनहोल नाही. भरायचं तोंड, गेजची प्लेट आणि आउटलेट, एवढंच. आत अजून निम्मं डिझेल आहे.

आता होडी वर ओढून शाकारून ठेवलीय. ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपायच्या आत काम उरकायचं आहे. खलाशी म्हणतात औषधाची बाटली ओता, भागेल. भागेल का? आणि आतलं डिझेल टाकूनच द्यावं लागेल का? आजच्या भावात ते परवडणारं नाही.

दर्यावर्दी_मालवण

आम्ही बुरशीचं औषध टाकतो आणि टाकी गच्च भरून ठेवतो, म्हणजे आत ओल धरत नाही. तुमची लाळ जास्त वाटतेय. डिझेल काढून दोन-चार लिटर पेट्रोल आत घुसळून काढा, सगळं सुटून येईल. आमच्या इथे एकाने तसंच केलं होतं.

नोझलवाला_रत्नागिरी

पेट्रोल अजिबात नको. दर्यावर्दी भाऊंनी चांगल्या मनानं सांगितलंय, पण डेकखालच्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडली आणि कुणी बॅटरीचा स्विच मारला तरी होडी पेटेल. नुसत्या डिझेललाही कमी लेखू नका. आपल्याकडच्या साध्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते तो, किमान ३५ अंश असावा एवढाच दंडक आहे, म्हणजे कोकणातल्या उन्हात तापलेल्या रिकाम्या टाकीत पेट घेणारी वाफ तयार होऊ शकते. कामाला हात लावायच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडा, फळ्या उघडून वारा खेळता ठेवा, आणि कुणाचीही विडी होडीवर नको.

आता मूळ प्रश्न. माझ्याकडे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीला येतात आणि पावसाळ्यानंतर त्यातले बरेच पाण्यानं खराब झालेले असतात. पंपातला गंजलेला प्लंजर (बॅरल नावाच्या नळीत वरखाली होऊन डिझेल दाबणारा दांडा) हातात घेतला की वाईट वाटतं, कारण पंपात खोट नसते, खोट टाकीत असते. प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनची. तिथे वंगण फक्त डिझेलचंच, पाणी गेलं की लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून तुमचा फिल्टर चोक होतोय ही चांगलीच गोष्ट आहे, तो पंपाला वाचवतोय. फिल्टर काढून थेट लाइन जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

लाळ म्हणजे बुरशी आणि जिवाणू. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल, म्हणून दोघांच्या सांध्यावर थर धरतात. त्यातून आम्ल सुटतं आणि टाकीचा तळ आतून खड्डे पडून खाल्ला जातो. औषधानं ते मरतात, खरं आहे. पण मेलेली लाळ जाणार कुठे? ती सुटी होऊन तळाशी बसते, आणि पहिल्या लाटेला उठून फिल्टरमध्ये येते. तुमचं इंजिन शांत पाण्यात चालतं आणि तोंडाशी बंद पडतं, त्याचं कारण हेच. आणि पाणी आत राहिलं तर नवी बुरशी धरणारच. आधी पाणी बाहेर, मग गाळ बाहेर, औषध सगळ्यात शेवटी.

सुरुवात अशी करा. गेजची प्लेट सोडा, पारदर्शक नळी टाकीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात टेकवा आणि हातपंपानं काचेच्या बरणीत नमुना काढा. होडी वर ओढलेली असताना ती कुठल्या बाजूला कललीय ते बघा, पाणी त्याच कोपऱ्यात असेल. बरणी रात्रभर हलवू नका. सकाळी खाली पाणी, मध्ये तपकिरी-काळा पडदा आणि वर डिझेल असे थर दिसतील. वरचं डिझेल पारदर्शक असेल, बरणीपलीकडचं छापील अक्षर वाचता येत असेल, तर बहुतेक सगळं वाचेल. दुधी दिसलं तर त्यात पाणी बारीक होऊन मिसळलंय, त्याला आणखी मुरायला वेळ द्या.

मग सगळं डिझेल ड्रममध्ये काढा. तळाचं आणि वरचं वेगळ्या ड्रममध्ये, एकत्र करू नका. दोन-तीन दिवस निवळू द्या आणि नळी तळापासून वीतभर वर धरून वरचं काढून घ्या. ते आधी ३० मायक्रॉनच्या वॉटर सेपरेटरमधून, मग १० मायक्रॉनमधून, १२ व्होल्टच्या लहान पंपानं फिरवा. एकदा फिरवून भागत नाही. बाउलमध्ये पाण्याचा थेंब यायचा थांबेपर्यंत फिरवत राहा. नुसतं हे फिरवणं म्हणजे टाकी साफ झाली असं काही जण मानतात. डिझेल साफ होतं, पण भिंतीला चिकटलेली लाळ तशीच राहते.

४०० लिटरच्या टाकीत बॅफल प्लेट असणार, लाटेत डिझेल हिसकू नये म्हणून. गेजच्या भोकातून तुम्हाला एकच कप्पा दिसेल. पलीकडचा तसाच राहिला तर सगळी मेहनत फुकट. त्यामुळे माझं स्पष्ट मत: टाकी होडीतून बाहेर काढा आणि प्रत्येक कप्प्यावर बोल्टचं झाकण बसवून घ्या, पाइपाचे नटबोल्ट कितीही गंजलेले असले तरी. कटिंग-वेल्डिंग होडीत नको आणि घरच्या ग्राइंडरनं तर नकोच. वर्कशॉपला टाकीत डिझेल होतं हे सांगा, आधी वाफेनं नीट धुऊन वायू काढून घ्यायला लावा. झाकणाला गॅस्केट डिझेलला टिकणारंच हवं, साधं रबर फुगतं.

आत खरवडायला प्लास्टिकची पट्टी, पुसायला जुनं पांढरं धोतर. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत राहतात. धुवायला स्वच्छ डिझेलच वापरा. साबण आत राहिला तर तो पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकतो आणि सेपरेटरला ते वेगळं करता येत नाही. तळ पुसल्यावर टॉर्च मारून बघा. खड्डे खोल असतील, हातोडीच्या हलक्या ठोक्याला आवाज बसका येत असेल, तर पॅच मारत बसू नका, नवी टाकी करा. नवी करताना आतून जस्ताचा मुलामा नको, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझलवर बसतं.

शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: पाणी आलं कुठून? डिझेल ड्रमनं आणता का? ड्रम उघड्यावर उभा ठेवता का?

खाडीकाठ_जयगड

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बरणी ठेवली होती. खाली चार बोटं पाणी, मध्ये काळा पडदा, वरचं मात्र स्वच्छ. टाकी काढायचं ठरवलंय, चुलतभावाचा टेम्पो आहे.

हो, ड्रमच आणतो. धक्क्यावर उभेच असतात, बूच घट्ट आवळलेलं असतं. बूच बंद असताना पाणी आत जाईल?

नोझलवाला_रत्नागिरी

जातं. ड्रमच्या वरच्या कडेमुळे झाकणावर पाणी साचतं. दिवसा ड्रम तापून आतली हवा बाहेर पडते, रात्री गार झाला की तो आत ओढतो, आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेलं पाणीच आत जातं. घट्ट आवळलं तरी थोडं जातंच. ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा, म्हणजे आतून डिझेल बुचाला टेकलेलं राहतं. आडवा जमत नसेल तर खाली एका बाजूला लाकडी ठोकळा देऊन तिरपा करा, बुचं पाण्याच्या वर राहतील असा. मुख्य म्हणजे शेडमध्ये ठेवा.

डेकवरच्या भरायच्या तोंडाचं वॉशरही बघा. धुताना आणि लाटेला तिथूनच पाणी उतरतं. वॉशर चपटं झालं असेल तर आजच बदला, किंमत किरकोळ आहे. हवेच्या नळीचं तोंड खाली वळवलेलं आहे ना तेही बघून घ्या.

कालवं_आणि_मुळे

माझी एक कळकळीची विनंती. तळाचं काळं पाणी आणि लाळ खाडीत ओतू नका. आमच्या बायका ओहोटीला त्याच चिखलात मुळे आणि तिसऱ्या हे खायचे शिंपले काढतात. डिझेल चिखलात मुरलं की बराच काळ वास जात नाही, आणि वास आलेली तिसरी बाजारात कुणी घेत नाही. वापरलेलं ऑइल घेणारा परवानाधारक असतो, त्याला झाकणबंद कॅनमधून द्या.

नोझलवाला_रत्नागिरी

अगदी बरोबर. पुसलेल्या चिंध्याही त्याच कॅनबरोबर द्या, जाळू नका.

खाडीकाठ, टाकी परत बसवताना दोन गोष्टी करून घ्या. आउटलेटची नळी तळापासून इंचभर वर ठेवा आणि सगळ्यात खोल जागी ड्रेन कॉक बसवा. दर आठवड्याला, होडी रात्रभर स्थिर राहिल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी तिथून पेलाभर काढून बघायचं. आणि फिल्टर एकाऐवजी दोन, मध्ये चेंजओव्हर कॉक. एक चोक झाला तर इंजिन बंद न करता दुसऱ्यावर जाता येतं. तोंडाशी लाटेत इंजिन बंद पडणं म्हणजे खडकावर जाणं, त्यापुढे दुसऱ्या फिल्टरचा खर्च काहीच नाही. औषध आता टाका, नवीन डिझेल भरताना, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. पहिले काही दिवस जादा फिल्टर होडीवर ठेवा, पाइपातली उरलेली घाण येईल.

एअर काढताना आधी फिल्टरवर, मग पंपावर, शेवटी नोझलच्या नटांवर. तरीही रेस कमीजास्त झाली तर पंप न उघडता आधी टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा लहान पंप) या लाइनचे जॉइंट बघा. तिथे डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.