स्प्रॉकेट आणि ऑइल सील: मराठीत काय लिहावं?

मिरजेची येझडी
जुन्या येझडी मोटरसायकलची स्प्रॉकेटं आणि क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, ऑइल सिलं कशी बदलायची, ते मराठीत लिहून काढतोय. म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या बनायच्या थांबल्या १९९६ साली. आता सांगली-मिरजेकडं हे काम येणारे मिस्त्री आहेत, पण सगळं तोंडी. 'दंतचक्र' आणि 'तेलरोधक' लिहिलं तर चालेल का?

शब्दकट्टा
दंतचक्र छान आहे. रूढही आहे. बिनधास्त लिहा.

पाना-कानस
नका लिहू. दंतचक्र म्हणजे गिअर. गिअरचे दाते दुसऱ्या गिअरच्या दात्यांत बसतात, स्प्रॉकेटचे चेनच्या कड्यांत. 'दंतचक्र काढा' वाचून एखाद्या पोरानं गिअरबॉक्स फोडला तर निस्तरायचं कुणी? पहिल्यांदा 'स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक' एवढं सांगा आणि पुढं सगळीकडं स्प्रॉकेटच ठेवा. गॅरेजात 'स्पॉकेट' म्हणतात, लिहिताना 'प्रॉ' राहू द्या.

आणि दात नव्हे, दाते. दात तोंडात. करवतीला, फणीला, स्प्रॉकेटला दाते, एकवचन दाता. झिजलेला दाता एका बाजूला कोयत्यासारखा वळतो, हेही लिहा, त्यावरूनच स्प्रॉकेट संपलं हे कळतं. पुढचं, मागचं आणि चेन एकदमच बदलायची. जुन्या दात्यांवर नवी चेन चढवली की तीही लवकर ढिली पडते.

कृष्णाकाठ
आमच्याकडं काहीजण 'गरारी' म्हणतात. आणि 'कप्पी' का नको? अस्सल मराठी आहे की.

पाना-कानस
गरारी हिंदीतून आली, बोलायला हरकत नाही. कप्पीला दाते कुठले? ती विहिरीवर, दोराची. अहो, मराठीपण जपायचंच तर पाना, कानस, आटे हे शब्द जपा. 'थ्रेड खराब झाले' लिहिणारे वाढलेत. सरळ 'आटे गेले' म्हणा ना.

शब्दकट्टा
बरं, दंतचक्र सोडलं. पण तेलरोधकात काय वाईट आहे? तेल अडवतो तो तेलरोधक.

मिरजेची येझडी
इथं मीच सांगतो, कारण याच शब्दावर मी दोनदा लिहून खोडलंय. येझडी टू-स्ट्रोक. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक असतो त्या पेटीत, येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी, आणि ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची सिलं. क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन तिथलं ऑइल ओढून जाळतं, दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर. दुसऱ्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. या दुसऱ्या सिलाचा तेल अडवण्याशी फारसा संबंधच नाही. तेलरोधक म्हटलं की वाचणारा तेलाचा डाग शोधत बसणार, आणि डाग नसला की सील चांगलं समजणार.

कृष्णाकाठ
मग ऑइल सीलमध्येही 'ऑइल' आहेच की!

मिरजेची येझडी
आहे, पण दुकानात त्याच नावानं मिळतं. नवा शब्द घडवायचा तर निदान पूर्ण अर्थाचा तरी घडवावा.

शब्दकट्टा
मान्य. एक शंका: 'सिलं' की 'सील्स'?

पाना-कानस
फूल-फुलं, मूल-मुलं, तसं सील-सिलं. सिलाला, सिलाचा. शब्द आपल्यात रुळला की नाही ते असंच कळतं. 'सील्स' वाचलं की मला कॅटलॉग आठवतो.

क्रियापदाकडंही बघा. मिस्त्री 'सील ठोकलं' म्हणतो, पण त्याच्या हाताला अंदाज असतो. नवख्यासाठी 'सरळ दाबून बसवा' लिहा. स्प्रिंग दिसते ती बाजू क्रँककेसकडं की बाहेर, ते जुनं काढतानाच बघून ठेवायला सांगा. सिलावरचे तीन आकडे म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानात तेवढे सांगितले तरी काम होतं. 'लिप'ला, म्हणजे सिलाच्या आतल्या कडेला, 'ओठ' म्हणा हवं तर, पण बसवण्याआधी त्याला ऑइल लावा हे विसरू नका. कोरडं बसवलं तर पहिल्या किकलाच फाटायचं.